इंजिनाजवळचा माणूस

आपल्या वसतिगृहाच्या विहिरीवर तेव्हा डिझेल इंजिन होते. पहाटे आप्पा त्याचे हँडल फिरवीत आणि त्या धडधडीनेच आम्हां मुलांना जाग येई. इंजिन लागले की आप्पा क्षणभर त्यावर तळहात ठेवून उभे राहत. एकदा म्हणाले, "आज आवाज भरत नाही रे. पिंपं भरून ठेवा." आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी इंजिन बसले आणि आठवडाभर आम्ही नदीवरून पाणी वाहिले.

पुढे अभियंता होऊन पुण्यात आलो. तेथे खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इंजिनांचे हे गावच. माझे काम मात्र आप्पांचेच आहे, अंतर तेवढे चारशे किलोमीटरांहून अधिक. जनरेटरच्या इंजिनावरील संवेदक तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, बॅटरीचा व्होल्टेज मोजतात आणि सिमकार्ड बसविलेली एक डबी ते आकडे आमच्या पडद्यावर धाडते. मर्यादा ओलांडताच दिवा लागणे ही जुनीच सोय. खरे कसब त्याआधीचे, म्हणजे इंजिनाची त्याच्याच मागील प्रकृतीशी तुलना करण्याचे. भार तोच असताना तेलाचा दाब आठवड्यागणिक उतरू लागला, तर बेअरिंग झिजल्याची किंवा तेलात डिझेल उतरल्याची शंका घ्यावी लागते.

काही वर्षांपूर्वी नंदुरबारकडील एका मिरची कारखान्याचे इंजिन माझ्याकडे होते. हंगाम ऐन भरात, पथाऱ्या लाल झालेल्या. भार तोच, पण तापमान तीन आठवड्यांत ८४ अंशांवरून ९३ वर गेले. तेही थंडीच्या दिवसांत. पडद्याने पाण्याचा पंप निकामी होत असल्याचे अनुमान काढले. मी फोन केला. इंजिनावरचा माणूस म्हणाला, "दादा, पंप चांगला आहे. रेडिएटर मिरचीच्या धुळीनं बुजलाय. धुवायला अर्धा दिवस मागतोय, मालक देत नाहीत." मी त्याचे म्हणणे वहीत टिपले आणि पुढच्या इंजिनाकडे वळलो. मालकांना फोन करणे माझ्या कामात बसत नव्हते, असे मी स्वतःला सांगितले.

नवव्या दिवशी हेड गॅस्केट गेले. हलगर्जीपणाचा ठपका त्या माणसावर आला आणि पगारातून पैसे कापले गेले. ही गोष्ट मला त्यानेच सांगितली, तक्रारीच्या सुरात नव्हे. तेव्हा कुठे मी तापमानाचा सारा आलेख आणि वहीतील ती तारीख मालकांकडे पाठविली. कापलेले पैसे त्याला मिळाले. पण दोन महिन्यांनी, आणि तोवर त्याने मुलीची सहामाही फी व्याजाने पैसे काढून भरली होती. आलेख माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता.

आजही अनुमान चुकते. संवेदकाला उष्णता कळते, मिरची कळत नाही. आता आकडे सरकू लागले की मी आधी इंजिनाजवळच्या माणसाला फोन लावतो आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावानिशी मालकांना त्याच दिवशी लिहून पाठवितो. हे करण्यास मला कोणी सांगितलेले नाही. वरिष्ठांना ते फारसे रुचतही नाही.

तो माणूस अजून त्याच इंजिनावर आहे. गेल्या हंगामात त्याचाच फोन आला. पडद्यावर सारे आकडे हिरवे होते. "दादा, जरा ऐका," म्हणाला, आणि फोन इंजिनाजवळ धरला.