म्यानातली तलवार

जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर मारामारीचे खेळ पैशाला पासरी होते. जॉयस्टिकला बटण बहुधा एकच. ते दाबलं की ठोसा, लाथ नाहीतर गोळी. वेगळं काही सुचायला वावच नव्हता. १९८८ साली फायरबर्डने बाजारात आणलेल्या ‘सामुराय वॉरियर’मध्ये मात्र त्याच बटणाच्या आधाराने कमरेत वाकून अभिवादन करता येतं. खेळ बनवला मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने.

नायक चक्क ससा आहे. स्टॅन साकाई यांच्या चित्रकथांमधला मियामोतो उसागी, लांब कान शेंडीसारखे वर बांधलेला, धनी गमावलेला सामुराय. नाव घेतलंय मियामोतो मुसाशी या खऱ्याखुऱ्या जपानी तलवारबहाद्दराचं. कामगिरी नेहमीचीच: दुष्ट हिकिजीच्या तावडीतून नोरियुकी या पांडा सरदाराला सोडवायचं. ते सोडा.

मी हा खेळ एम्युलेटरवर खेळतो आणि मला गंमत वाटते ती वाटेत भेटणाऱ्यांची. समोरून कुणीतरी येतं. शेतकरी? भिक्षू? की दबा धरलेला गुंड? तलवार म्यानात असेल तर जॉयस्टिकची दांडी एक भाषा बोलते: वाका, पैसे द्या, पुढे चला. तलवार उपसली की तीच दांडी फक्त वार जाणते. दोन्ही एकदम जमत नाही. त्यामुळे बोट शिवशिवत असतानाही क्षणभर थांबून माणूस निरखावा लागतो. निरपराध्यावर हात टाकलात तर कर्माचे गुण उतरतात आणि शून्याखाली गेले की उसागी स्वतःच्याच हाताने पोट चिरून घेतो. शत्रूची गरजच उरत नाही.

या गुणांची सोय मला थोडी खटकते. चार गुंड कापावेत, पुढच्या भिक्षूच्या हातावर नाणी ठेवावीत, की खातं पुन्हा भरलेलं. पुण्य इतकं रोखीचं असावं का? (दानपेटीत नोट सरकवताना आपण तरी वेगळं काय करतो म्हणा.) पण ६४ केबीच्या यंत्राकडून यापेक्षा जास्त नीतिशास्त्राची अपेक्षा करणं अन्यायाचंच. आजचे कितीतरी अवाढव्य खेळ तेवढीही तसदी घेत नाहीत. तिथे समोर येईल तो मारण्यासाठीच असतो.

नुसती हाणामारी हवी असेल तर बीमचाच १९८५चा ‘द वे ऑफ द एक्स्प्लोडिंग फिस्ट’ केव्हाही सरस. ‘सामुराय वॉरियर’ खेळायचा तो तलवार न उपसता किती लांब जाता येतं हे बघायला.