लाल बाजारातील भाजी

बागडोग्र्याच्या विमानतळावरून गंगटोकला निघालात, की सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आपल्यापुढे असतो आणि तो ओलांडण्यास चार-पाच तास लागतात. सिलिगुडीची गर्दी मागे पडते, सेवकपाशी तीस्ता नदी सोबतीला येते, आणि मग एका बाजूला पाणी व दुसऱ्या बाजूला कडा असा प्रवास सुरू होतो. या वाटेवर आपल्या पुढेमागे मालट्रक दिसतील. त्यांतून तांदळाची पोती, कांदे-बटाटे, डाळी आणि तेलाचे डबे वर जात असतात. ते लक्षात ठेवावे. पुढे त्यांची आठवण होणार आहे.

बरोबर वृद्ध मंडळी असतील, तर एक सूचना आधीच केलेली बरी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस्तेला आलेल्या महापुराने या मार्गाची फार हानी केली, आणि पावसाळ्यात दरडी कोसळून तो वरचेवर बंद पडतो. म्हणून नेहमीच्या औषधांचा निदान चार-पाच दिवसांचा जादा साठा हातातल्या पिशवीत असावा, सामानाच्या तळाशी नव्हे.

रांगपो येथे सीमा ओलांडून आपण सिक्कीममध्ये प्रवेश करता. येथून पुढे जी शेते दिसतात, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली, त्यांत रासायनिक खत घालणे किंवा कीटकनाशक फवारणे हा कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे सेंद्रिय शेती हा एखाद्या शेतकऱ्याच्या निष्ठेचा वा हौसेचा विषय असतो. येथे तो राज्याचा नियम झाला. २००३ मध्ये मुख्यमंत्री पवनकुमार चामलिंग यांच्या कारकिर्दीत विधानसभेत तसा संकल्प झाला. रासायनिक खतांवरील अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. २०१० मध्ये सेंद्रिय अभियान सुरू झाले, २०१४ मध्ये दंड व तुरुंगवासाची तरतूद असलेला कायदा आला, आणि जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधानांनी गंगटोक येथे सिक्कीम हे देशातील पहिले संपूर्ण सेंद्रिय राज्य असल्याचे जाहीर केले. सुमारे ७५ हजार हेक्टर जमीन आणि ६६ हजारांच्या आसपास शेतकरी या प्रमाणपत्राखाली आले. २०१८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सहभागाने दिला जाणारा भविष्यवेधी धोरणाचा सुवर्ण पुरस्कारही या छोट्या राज्याला मिळाला.

हे सारे कौतुकास्पद आहे, यात शंका नाही. परंतु आपण आरोग्याच्या दृष्टीने पाहणारे प्रवासी आहोत. शेतात काय घडले याइतकेच ताटात काय पडले हेही आपण विचारले पाहिजे. त्यासाठी लाल बाजारात जावे लागेल.

गंगटोक समुद्रसपाटीपासून साधारण १६५० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा काहीसे उंच आहे. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. वाहनांना बंदी असलेला महात्मा गांधी मार्ग सपाट व स्वच्छ असल्याने तेथे सावकाश फिरता येते, बसायला बाकेही आहेत. लाल बाजार मात्र त्याच्या खालच्या अंगाला आहे आणि उतरण्यास पुष्कळ पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी टॅक्सीने खालच्या बाजूने जावे व सोबत्यास हाताशी ठेवावे. पाण्याची बाटली घरूनच न्यावी. १ जानेवारी २०२२ पासून या राज्याने लहान बाटल्यांतील पाण्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. उपभोगाला वळण लावण्याचा शासकीय प्रयत्न तो हाच.

रविवारच्या हाटाच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून भाजी येते. विकणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. त्यांना ‘दिदी’ म्हणावे, वयोवृद्ध असतील तर ‘आमा’. या एका शब्दाने भाव कमी होत नाही, पण भाजी निवडून मात्र मिळते. मोहरीच्या कुळातील रुंद पानांचा रायो साग, कोवळ्या नेच्याचे वळलेले कोंब म्हणजे निंग्रो, खाजकुयलीसारखी आग करणारी परंतु शिजवल्यावर अत्यंत मऊ होणारी सिस्नूची पाने, आले, मोठी वेलची, आणि गोल लाल डल्ले मिरची. ही मिरची दिसते बोरासारखी. नातवंडांच्या हाती लागू देऊ नये.

याच बाजारात पानात गुंडाळलेला किनेमा मिळतो. सोयाबीन शिजवून, किंचित ठेचून, उबेला एक ते तीन दिवस आंबवतात. त्याला तार सुटते आणि उग्र वास येतो. वासाने मागे सरू नका. आंबवल्यामुळे सोयाबीनमधील प्रथिने पचनास हलकी होतात, आणि ज्यांचे दात गेले आहेत त्यांनाही त्याची आमटी सहज खाता येते. पालेभाजी आंबवून उन्हात वाळवलेला गुंद्रुक हा दुसरा पदार्थ. हिवाळ्यात, हिरवे काही मिळत नाही तेव्हा, डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांना याच वाळवणाचे आंबटसर सार आधार देते. याक वा गाईच्या दुधाची वाळवलेली छुर्पी मात्र कवळी बसवलेल्यांनी दुरूनच पाहावी. ती तासन् तास चघळायची वस्तू आहे आणि दगडाशी स्पर्धा करते.

येथे काही सावधगिरी आवश्यक आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी किनेमा खाऊ नये. तशाच रीतीने आंबवलेल्या जपानी नाट्टोमध्ये क जीवनसत्त्व नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या औषधाचा परिणाम कमी करते. रायो साग व सिस्नूही एरवीपेक्षा एकदम जास्त खाऊ नयेत. थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर असावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि भाजी सेंद्रिय असली तरी ती शेणखतावर वाढलेली असते. म्हणून वृद्धांनी कच्ची कोशिंबीर टाळून नीट धुतलेली व शिजवलेली भाजी खावी.

आता त्या ट्रकांकडे वळू. सिक्कीमची बरीचशी भूमी जंगल, कडे आणि बर्फ यांनी व्यापलेली. लागवडीस योग्य जमीन थोडी. राज्याला पुरेल इतका तांदूळ येथे पिकत नाही. तो बाहेरून येतो. शिधावाटप दुकानातला तांदूळही देशाच्या केंद्रीय साठ्यातून येतो, आणि तो युरियावर वाढलेला असतो. म्हणजे एका हाताने शासनाने युरिया सीमेबाहेर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने त्याच युरियावर पोसलेले धान्य गरिबाच्या पिशवीत घातले. हा दोष सिक्कीमचा एकट्याचा नाही; स्वस्त धान्य न देता माणसे उपाशी ठेवणे हा काही पर्याय नव्हे. पण प्रमाणपत्र शेताला मिळाले, ताटाला नाही, ही गोष्ट नाकारता येत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये ही विसंगती दूर करण्याचा एक प्रयत्न झाला. राज्यात पिकणाऱ्या अनेक भाज्या व फळे बाहेरून, रसायनांवर वाढवलेली, आणण्यास बंदी घालण्यात आली. हेतू दोन होते: स्थानिक शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळावे आणि लोकांनी निर्मळ अन्न खावे. प्रत्यक्षात बाजारात टंचाई जाणवली व भाव चढले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात भाजी महागली म्हणजे काय होते हे आपल्याला सांगायला नको. प्रथम भाजीचे प्रमाण घटते, मग भात आणि बटाटा वाढतो. आणि मधुमेही आजोबांच्या ताटात नेमके तेच नको असते. बंदीच्या आधी साठवण, वाहतूक आणि खरेदीची सोय उभी राहिली असती, तर ही घाई इतकी जाचक ठरली नसती, असे मला वाटते.

याच्या उलट वाट ओडिशाने धरली. २०१७ मध्ये तेथे भरडधान्य अभियान सुरू झाले. तेथील शासनाने आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने विकत घेतली आणि ती शिधावाटपातून घराघरांत पोचवली. काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू मिळू लागले. शासन तेथे केवळ नियम करणारे राहिले नाही, ते गिऱ्हाईक झाले. नाचणी महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर आणि कोकणातही पिकते. आपल्याकडील आश्रमशाळा, रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांच्या स्वयंपाकघरांसाठी ती नियमितपणे का घेतली जाऊ नये, हा प्रश्न सिक्कीमच्या प्रवासात वारंवार मनात येतो.

घरी परतल्यावर सेंद्रिय माल घेताना पाकिटावर ‘जैविक भारत’ ही खूण पाहावी. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा शेतकऱ्यांच्या गटाने परस्परांची हमी घेण्याची पद्धत, यांपैकी एकीखाली प्रमाणित झालेल्या मालावर ती असते. लहान शेतकऱ्याने थेट आपल्याला विकलेल्या मालास प्रमाणपत्राची सक्ती नाही. तेथे ओळख हीच हमी. सेंद्रिय गूळ हाही गूळच असतो, एवढे मधुमेहींनी विसरू नये.

आणि लाल बाजारातून एखादे फापराचे, म्हणजे कुट्टूचे, पीठ अवश्य आणावे. त्यात ग्लूटेन नसल्याने पोळी लाटता येत नाही. गरम पाण्यात भिजवून हाताने थापावी, किंवा पातळ पीठ करून धिरड्यासारखी तव्यावर ओतावी. सोबत ताक घ्यावे. पीठ लवकर खवट होते, तेव्हा थोडेच घ्यावे, शीतकपाटात ठेवावे आणि महिनाभरात संपवावे.