घरी पोचल्यानंतरचा चढ

मुंबईहून पुण्याला निघालेल्या अनेक गाड्या कर्जतला जरा जास्त वेळ थांबतात. प्रवासी वडापाव घेत असतात, तोवर गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. पुढे बोरघाट आहे. दर ३७ फुटांना एक फूट असा चढ. पुढचे इंजिन गाडी ओढते आणि मागची इंजिने, ज्यांना ‘बँकर’ म्हणतात, ती लोणावळ्यापर्यंत तिला रेटत नेतात.

याच कर्जतजवळ, उल्हास नदीच्या खोऱ्यात, वेणगावला ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’चे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, नाव-गाव विसरलेल्या मनोरुग्णांना येथे आणतात, औषधोपचार करतात आणि बरे वाटू लागले की त्यांना त्यांच्या घरी पोचवतात. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. उपचारानंतर कळले, तो पदवीधर आहे! तेथून हे काम सुरू झाले आणि १९८८ मध्ये संस्था उभी राहिली. २००६ मध्ये कर्जतचे केंद्र झाले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सुमारे ७ हजार माणसे घरी परतली होती.

हरवलेला मुलगा दारात उभा राहतो, तेव्हा घरात ईद होते. पण पुढच्या महिन्यात काय? ‘बिचारा, बसू दे त्याला,’ असे घरचे मायेने म्हणतात. रिकामा दिवस खायला उठतो. गोळ्या चुकू लागतात. लग्नकार्यात त्याला आतल्या खोलीत ठेवतात. रस्त्यावरून तो घरात आला खरा, पण माणसांत आलाच नाही.

माणसांत आणते ते काम. कर्जतकडे शेती, रोपवाटिका, फार्महाऊस आहेत. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोली आणि रसायनीचे कारखाने, गोदामे, दुकाने आहेत. रोपांना पाणी घालणे, माल मोजून खोक्यात भरणे, शिलाई, बेकरी यांपैकी काही ना काही अशा माणसाला जमते. काम मिळण्यापेक्षा ते टिकवणे कठीण असते. गोळ्यांमुळे सकाळी सुस्ती असेल तर कामावर तासभर उशिरा यायची मुभा हवी. दवाखान्याच्या दिवशी सुट्टी हवी. दहा जणांनी दहा हुकूम सोडण्याऐवजी एकानेच नीट समजावून सांगावे. ‘वेडा’ म्हणून हाक मारणाऱ्याला मालकाने तिथेच थांबवावे. आणि मजुरी इतरांइतकीच द्यावी. ती खैरात नाही, घामाचे दाम आहे.

कायदाही सोबत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हा अर्ज भरून द्यावा.

आपल्यासमोर तर हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचे उदाहरण आहे. ते दृष्टिहीन होते. तरीही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांच्यावर अजानची जबाबदारी सोपवली. मदिनेबाहेर जाताना शहराचा कारभारही त्यांच्याकडे दिला. पहाट झालेली त्यांना दिसत नसे. लोक सांगत, ‘सकाळ झाली,’ मग ते फज्रची अजान देत. दिसत नाही म्हणून त्यांच्याकडून अजान काढून घेतली गेली नाही. जे दिसत नव्हते तेवढे लोकांनी सांगितले, बाकीचे काम त्यांचेच राहिले.

आपल्या मोहल्ल्यातही असा एखादा भाऊ, एखादी बहीण असेल. आपण सदका देतो, रमजानमध्ये रेशन पोचवतो, ते द्यावेच. पण यंदा जुम्याच्या नमाजनंतर एक प्रश्नही विचारून पाहा, ‘भाईजान, तुम्हाला कोणते काम येते?’ आणि उत्तर ऐकायला थोडे थांबा. दुकान, कारखाना, शेत आपलेच असेल तर इन्शाअल्लाह सोमवारी त्याला बोलवा. महिनाअखेरीस तो स्वतःच्या कमाईतून आईच्या हातावर पैसे ठेवील, तेव्हा घरातला त्याचा शब्दही पुन्हा ऐकला जाईल.