खानदेशातली उघडी दारं

चाळीसगाव जंक्शनवर उतरलो तेव्हा सकाळचं ऊन चांगलंच तापलं होतं. इथे उतरणारे बहुतेक पर्यटक पाटणादेवीला किंवा पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे निघतात. मला मात्र स्टेशनजवळचाच एक दगडी बंगला पाहायचा होता. खानदेशातल्या जुन्या वास्तूंचं आज काय चाललंय, त्यांत कोण येतं-जातं, तिथल्या माणसांना त्यांचा काय उपयोग होतो, एवढाच प्रश्न घेऊन चाळीसगाव, धुळे, अमळनेर आणि जळगाव असा हा प्रवास आखला होता.

हा बंगला केकी मूस यांचा. कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म १९१२ चा. विलायतेत कलेचं शिक्षण घेऊन, जग पाहून हा पारशी कलावंत चाळीसगावात परतला आणि पुढची सगळी वर्षं जवळजवळ या घरातच राहिला. बाहेर पडला तो अगदी क्वचित. ३१ डिसेंबर १९८९ ला इथेच त्यांचा शेवट झाला. पंजाब मेलने कुणी येणार म्हणून रोज रात्री ते दार उघडून वाट पाहत, अशी गोष्ट गावात कुणीही सांगतं. मला मात्र त्यांच्या कामाने धरून ठेवलं. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांच्यावर उजेड पाडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले आणि त्यांची छायाचित्रं घेतली. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात ती हीच. जोडीला चित्रं, लाकडावरचं कोरीव काम, कागदाच्या घड्यांची कला, सतार.

आज हा बंगला कलादालन आहे आणि गावातलेच विश्वस्त तो सांभाळतात. मूस यांची छायाचित्रं मुंबईच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयात गेली असती तर जास्त लोकांनी पाहिली असती, हे खरं. पण ज्या खोल्यांत ती घडली त्याच खोल्यांत ती पाहताना चाळीसगावच्या शाळकरी पोराला कळतं की एवढं काम आपल्या गावात बसून होऊ शकतं. हा फायदा तिकीटविक्रीच्या वहीत दिसत नाही. अशा घराचा सांभाळ सोपा नसतो. उन्हाळ्यात खानदेशचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, मग पावसाळ्याची ओल येते; फोटोच्या कागदाला दोन्ही घातक. वाळवी वेगळीच. छप्पर गळायला लागलं की पुढच्या पावसाची वाट पाहता येत नाही. इमारत वाचवायची म्हणजे दर वर्षी मे महिन्यात कुणीतरी शिडी लावून वर चढायला हवं.

चाळीसगावहून धुळ्याला जाणारा रेल्वेचा फाटा १९०० साली सुरू झाला. छप्पन्न किलोमीटरची ही वाट कपाशीच्या काळ्या रानातून जाते. डब्यात शेजारच्या काकांनी विचारलं, "भाऊ, कथा चालनात?" धुळ्याला जुन्या इमारती पाहायला, म्हटल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग राजवाडे मंडळ पाहाच."

धुळ्याचं नवं गाव वसवलं ते कॅप्टन ब्रिग्जने, मराठेशाही बुडाल्यावर लगेच, १८१९ च्या सुमारास. सरळ रस्ते आणि नंबर दिलेल्या गल्ल्या अजून तशाच आहेत. पत्ता विचारला की माणूस नंबरच सांगतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे याच गावात ३१ डिसेंबर १९२६ ला गेले. आयुष्यभर गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेल्या रद्दीतून या माणसाने कागद वाचवले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. ते गेल्यावर भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं. दप्तरं, पोथ्या, नाणी, मूर्ती असा साठा तिथे आहे. याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेल्या समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर उभं आहे. राजधानीचं शहर नाही, विद्यापीठ नाही, तरी वकील-शिक्षकांच्या वर्गणीवर धुळ्याने हे केलं. आज एखादा विद्यार्थी मोडी शिकून आपल्या गावच्या पाटीलकीचा कागद लावतो, तेव्हा ती वर्गणी अजून कामाला येते असं मी मानतो.

धुळ्याचा तुरुंग बाहेरूनच पाहिला. १९३२ मध्ये विनोबांनी इथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. तुरुंग आजही तुरुंगच आहे.

दुसऱ्या दिवशी लळिंगला गेलो. आग्रा रस्त्यावर धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळातला किल्ला आणि त्याच्या परिसरात, लळिंगच्या कुरणात, लांडोर बंगला. इंग्रजी अमलातलं हे विश्रामगृह. न्यायालयाच्या एका कामासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ च्या जुलैअखेर धुळ्याला आले तेव्हा इथे उतरले होते. दर वर्षी ३१ जुलैला जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक इथे येतात. भर पावसात, चिखलातून, लेकराबाळांसह. गोऱ्या साहेबांच्या विसाव्यासाठी बांधलेला बंगला लोकांनी आपला केला तो असा. वास्तूला नवं आयुष्य देण्याच्या ज्या योजना कागदावर निघतात, त्यांत या यात्रेइतकं बळ मला क्वचित दिसलं. मी गेलो तेव्हा यात्रेचा दिवस नव्हता, कुरणात वाराच काय तो होता. तिथे काही करायचं असेल तर आधी वर्षानुवर्षं येणाऱ्या या माणसांना विचारावं. त्यांना पाणी हवं असेल, सावली हवी असेल, वाचायला चार पुस्तकं हवी असतील.

जळगाव रस्त्यावर पारोळ्याला थांबलो. भर गावात अठराव्या शतकातला भुईकोट आहे, जहागीरदार हरी सदाशिव दामोदरांनी बांधलेला. तट अजून भक्कम वाटतो, पण आत काटेरी झुडपं. गाव तटाला चिकटून जगतं आणि किल्ल्यात मात्र कुणाचं काही काम नाही. ज्या जागेत गावाचं काम नाही तिथे आधी झुडपं येतात, मग कचरा.

अमळनेरचं चित्र वेगळं. कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, देशभरातल्या अभ्यासकांना राहायला जागा आणि विद्यावेतन दिलं. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक बोरी नदीकाठच्या या गावातून निघत असे. साने गुरुजी आधी इथेच अभ्यासाला आले आणि मग १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. गिरणी पुढे बंद पडली. तत्त्वज्ञानाचं केंद्र मात्र आज कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ चालवतं. गिरणगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात वेदान्तावर चर्चा करायला खोल्या बांधणारा मालक होता, हे मला फार मोठं वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारीत मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, त्याआधी १९५२ मध्ये भरलं होतं. आवारातल्या झाडांखाली उभं राहून मनात आलं की या खोल्यांत पुन्हा राहायला अभ्यासक यावेत. केवळ रंगरंगोटीवर थांबू नये.

जुन्या जळगावातला चौधरी वाडा मी शेवटी ठेवला होता. असोद्याची लेक बहिणाबाई लग्न होऊन या घरात आली, इथेच संसार केला, वैधव्य काढलं, घरोटावर दळताना गाणी रचली. त्या गेल्या १९५१ च्या ३ डिसेंबरला; सोपानदेवांनी आईची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक आलं. हे घर आता बहिणाई स्मृती संग्रहालय आहे. भवरलाल आणि कांताबाई जैन फाउंडेशनने ते जतन केलं. बहिणाबाईंच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारं, पूजेतल्या वस्तू इथे आहेत.

मला मोलाचं वाटतं ते हे की घर मोठं केलेलं नाही. खानदेशात घरं धाब्याची असत. सागाची तुळई, वर मातीचं धाबं आणि पावसाळ्याआधी त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर. अशा घराला सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतं. चुना आणि माती श्वास घेतात, सिमेंट घेत नाही. दुरुस्ती करताना गवंड्याला हे माहीत हवं आणि असे गवंडी कमी होत चाललेत. मुंबईत भायखळ्याचं स्टेशन चालू ठेवून दुरुस्त केलं, त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. त्या कामात जुने कारागीर जितके महत्त्वाचे, तितकेच ते एखाद्या गल्लीतल्या मातीच्या घरालाही महत्त्वाचे आहेत. कारागिराला काम मिळालं तर त्याचा मुलगा ते शिकेल. जुन्या घराचा गावाला पहिला फायदा तोच.

गल्लीत ओट्यावर बसलेल्या एका आजींना विचारलं, लोक येतात का पाहायला? "येता ना. शाळेची पोरं येता," त्या म्हणाल्या. "आपल्या गल्लीतलं घर हाये ते."

अजिंठा पाहायला लोक जळगावला उतरतात आणि थेट टॅक्सी धरतात. अजिंठा पाहावाच. पण अर्धा दिवस जुन्या जळगावासाठी काढा, येता-जाता चाळीसगावला एक गाडी सोडा, धुळ्यात राजवाडे मंडळात तासभर बसा. जाण्याआधी वेळ विचारून घ्या, सोबत मुलांना न्या आणि तिथल्या वहीत नाव-गाव लिहा. आणि तुमच्या गावात एखादं जुनं वाचनालय किंवा शाळेची कौलारू इमारत गळत असेल, तर यंदाच्या मे महिन्यात चार जण मिळून कौलं शाकारून घ्या.