दहा दिवसांची मागणी

गंभीर आजार घरात शिरला की डॉक्टरांच्या चिठ्ठीआधीच एक प्रश्न उंबरठ्यावर येऊन बसतो : हे माझ्याच वाट्याला का? प्रश्न नवा नाही. ईयोबाने तो राखेत बसून विचारला होता. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसून राहिले. तेवढे त्यांनी चांगले केले. पुढे ते कारणे सांगू लागले आणि सांत्वनाचे भांडण झाले. त्या ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर बोलतो खरा, पण ईयोबाच्या दुखण्याचे कारण तोही त्याला सांगत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते. 'का' या प्रश्नापाशी वाट खुंटते. मग दुसरा प्रश्न उरतो : आता पुढे काय? या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याच परिसरात, दौंड तालुक्यातील केडगावी, शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघाले की भीमा ओलांडल्यावर, उसाच्या फडांच्या पलीकडे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंची 'मुक्ती' ही संस्था आजही उभी आहे. रमाबाई आमच्या कॅथॉलिक धर्मसभेच्या नव्हत्या. पण दुःख पंथ विचारून येत नाही आणि धैर्यही पंथ विचारून येत नाही. कोवळ्या वयात त्यांनी उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावली. १८८० साली भाऊ गेला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. परंतु कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याची वाट बंद झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा यांना त्यांनी स्वतः जाऊन आणले व केडगावच्या माळरानावर वसवले. ज्या कानांनी त्यांची एक वाट अडवली, त्यांना या मुलींचे रडणे मात्र ऐकू आले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. भाषांतर साधे हवे, थोडे शिकलेल्या बाईलाही वाचता यावे, हा त्यांचा आग्रह. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात आणि खिळे जुळवणारे हात तेथल्याच स्त्रियांचे. हे काम चालू असताना, २४ जुलै १९२१ रोजी, ज्या मनोरमेच्या हाती संस्था सोपवायची ती वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. आईचीही प्रकृती ढासळली होती. त्यांचे चरित्रकार सांगतात की, अखेरची मुद्रिते तपासायची राहिली होती तेव्हा रमाबाईंनी देवापाशी दहा दिवस मागितले. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता. त्यांचे बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

वाचकहो, त्या मागणीचे माप आम्हांला विचार करायला लावते. दहा वर्षे नव्हेत, पोटच्या मुलीचे गेलेले आयुष्य नव्हे. दहा दिवस, आणि तेही एका ठरावीक कामासाठी. आजाराने त्यांना अर्थ दिला, असे आम्ही म्हणणार नाही. आजार हा आजारच असतो. त्याला देणगी म्हणणे ही आजाऱ्याची थट्टा आहे. अर्थ त्यांच्याजवळ आधीच होता. आजाराने एवढेच केले की, जे गौण होते ते गळून पडले आणि जे मुख्य होते ते हाती राहिले.

परंतु प्रत्येकाला भाषांतर करायला बायबल नसते, अशी शंका येथे कोणी घेईल. ती रास्त आहे. दौंडला रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या पत्नी आमच्या परिचयाच्या आहेत. अर्धांगाने त्या काही वर्षे खाटेवर आहेत. आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो तेव्हा त्या आधी आम्हांला बातम्या देतात : अमक्याकडे मूल आजारी आहे, तमक्याची आई पडली आहे, त्यांच्याकडे आधी जा. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या विचारून घेतात आणि पुढे पोहोचवतात. आमच्या धर्मग्रामातील आजाऱ्यांची यादी, खरे पाहता, त्या खाटेवर तयार होते. हे त्यांचे दहा दिवस.

आता आमच्याविषयी. गेले वर्षभर आमची दोन्ही मूत्रपिंडे काम करीत नाहीत. आठवड्यातून दोन वेळा आम्ही पुण्याला जाऊन डायलिसिस करून घेतो. दंडातून रक्त यंत्रात जाते, शुद्ध होते आणि परत येते. त्याला चार तास लागतात. दिवसाचे पाणी मोजून प्यायचे. केळी आणि शहाळे वर्ज्य. शिरूरच्या घरांतून प्रेमाने शहाळी येतात, ती आम्हांला परत करावी लागतात, आणि चहाचा आग्रह अर्ध्या कपावर थांबवावा लागतो. ज्याने इतरांना तैलाभ्यंग दिला, त्याच्या कपाळावर आणि तळहातांवर दुसऱ्या धर्मगुरूंनी तेल लावले. त्या वेळी मनात काय चालले होते ते सांगणे कठीण आहे; तळहात उघडे ठेवणे सोपे नव्हते, एवढेच सांगतो.

पवित्र गुरुवारी आम्ही बारा जणांचे पाय धुतो. त्या प्रसंगात पेत्राने पाय मागे घेतले होते. वर्षानुवर्षे आम्ही प्रवचनात येशूच्या नम्रतेवर बोललो, आणि ते योग्यच होते. पण पेत्राच्या अडचणीचा अर्थ आता अंगावर आला. सेवा करणाऱ्याला वाकावे लागते. सेवा घेणाऱ्यालाही वाकावे लागते, आणि हे दुसरे वाकणे अधिक अवघड. २७ मार्च २००५ च्या ईस्टरला पोप जॉन पॉल दुसरे खिडकीत आले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी केवळ हाताने आशीर्वाद दिला. आजाऱ्यांसाठी ११ फेब्रुवारी हा जागतिक दिन ज्यांनी १९९३ पासून सुरू केला, त्यांनीच आपले दुबळेपण जगापासून लपवले नाही. सहा दिवसांनी ते गेले.

हे सारे लिहिण्याचे कारण असे. आमच्या धाकट्या बहिणीने आपले एक मूत्रपिंड आम्हांला देऊ केले आहे. १९९४ च्या कायद्याने भावाबहिणींना तशी मुभा आहे. तिला दोन मुले आहेत, संसार आहे. तिच्या देहावर सुरी चालावी आणि आम्ही जगावे, हा विचार रात्री झोपू देत नाही. नकार देणे सोपे होते आणि तो त्यागासारखा दिसलाही असता. परंतु पाय मागे घेणे म्हणजे त्याग नव्हे, हे पेत्राला सांगितले गेलेच होते. ती म्हणाली, "दादा, तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना देत आलात, आता एकदा घ्यायला शिका."

गेल्या आठवड्यात आम्ही तिला होकार दिला. तपासण्या सुरू आहेत. रक्त जुळेल की नाही, डॉक्टर अंतिम परवानगी देतील की नाही, हे अद्याप ठरायचे आहे. ठरेपर्यंत रविवारचा मिस्सा आहे, दौंडच्या त्या खाटेवरून आलेली यादी आहे, आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार करायची आठ मुले आहेत. आम्ही देवापाशी मागतो ते एवढ्यासाठी पुरेल इतकेच.