झाडं लावून एमआयडीसी हिरवी होत नाही

5 जून आला की आम्हा पत्रकारांच्या व्हॉट्सॲपवर एमआयडीसीतले फोटो येतात. साहेबांच्या हातात रोप, मागे बॅनर. आम्ही बातमी लावतो. झाडं लावायला विरोध नाहीच. पण मंडळी, इतकी वर्षं या भागात बातमीदारी करून माझं मत पक्कं झालंय. कारखाना किती हिरवा, ते गेटवर कळत नाही, मागच्या नाल्यावर कळतं.

आपल्या तारापूरचंच घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुण घेऊन देशात पहिलं आलं. इथे गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त! सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र नव्हतं का? होतं की. रोज 25 दशलक्ष लिटर क्षमतेचं. येणारं सांडपाणी त्याहून जास्त.

छोट्या कारखानदाराला स्वतःचं मोठं केंद्र परवडत नाही, म्हणून सामाईक. पण तिथे पाणी साफ करतात ते जिवाणू. एकाने रात्री गुपचूप ॲसिड सोडलं की जिवाणू मरतात आणि सगळ्यांचंच पाणी तसंच पुढे जातं. जो नियमाने प्रक्रिया करतो त्याचा खर्च वाढतो, चोरून सोडणाऱ्याचा माल स्वस्त पडतो. प्रामाणिक माणूसच धंद्यात मार खातो. खरी गोम इथे आहे.

डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या रिफायनरीत वाया जाणारा गॅस 1972 पासून शेजारच्या जिप्सम बोर्डच्या कारखान्याने वापरायला घेतला. पुढे वीज केंद्राची वाफ रिफायनरीला जाऊ लागली. सरकारी आदेश नव्हता, दोघांचेही पैसे वाचत होते. शेजारधर्म हिशेबात बसला, म्हणून टिकला.

आपल्याकडेही हिशेबच बदलावा लागेल. प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळीवर मीटर हवा आणि त्याचे आकडे गावाला रोज दिसायला हवेत. ताज्या पाण्याचा दर असा हवा, की वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा घेणं स्वस्त पडेल. दंड चोरीतून वाचलेल्या पैशापेक्षा मोठा हवा, आणि तो वसूल व्हायला हवा.

सांडपाण्याची पाइपलाइन शेवटी नवापूरच्या समुद्राकडे जाते. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात, त्यांना वृक्षारोपणाच्या फोटोचा काय उपयोग?

पुढच्या ग्रामसभेत एवढाच प्रश्न विचारा: मीटरचे आकडे कुठे बघायला मिळतील? उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. ती बातमी मी पहिल्या पानासाठी पाठवीन.