वाळक्या फांदीतले सोयरे

घर सजवायला महागड्या वस्तूच हव्यात असे थोडेच आहे? कोलकात्यात बागबाजारपासून जवळच, जोडासांकोच्या वाड्यात चित्रकार अवनींद्रनाथ टागोर (१८७१-१९५१) उतारवयात वाळक्या फांद्या, मुळे वेचून ठेवत. निरखता निरखता फांदीत एखादा पक्षी दिसे. मग फारसे न कोरता ते तोच खुलवत. या आकृत्यांना ते 'कुटुम-काटाम' म्हणत. बंगालीत कुटुम म्हणजे सोयरा. १९४१मध्ये वाडा सुटला, ते बागबाजारच्या पलीकडे बरानगरला राहायला गेले. पण हे सोयरे सुटले नाहीत.

तुम्हीही गळून पडलेली फांदी आणा, धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, जड पितळी तांब्यात उभी करून टेबलावर मांडा. रंग फासण्याची घाई नको. आधी तिचा बाक पाहा. तिची शोभा त्यातच आहे.